पाड्यावर शिक्षण आणि रोजगाराचे काम सुरू करताना : नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 5 लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या 9 टक्क्यांहून थोडी अधिक होती. राज्याची साक्षरता तेव्हा 82 टक्क्यांच्या पुढे गेली होती; अनुसूचित जमातींची मात्र 66 टक्क्यांच्या आतच होती. हे अंतर कमी व्हावे या इच्छेने दरवर्षी कितीतरी तरुण फेलोशिप घेऊन, संस्थेत रुजू होऊन किंवा शिक्षक म्हणून नेमणूक मिळून पालघर, नाशिक, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत येतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पहिले वर्ष वाया जाते. त्यात त्यांचा आळस नसतो. कामाचा आराखडा पाड्यावर पाय ठेवण्याआधीच शहरात पक्का झालेला असतो, एवढेच त्याचे कारण. मुलांची भाषा कोणती, घरातली माणसे कोणत्या महिन्यात गावात असतात, कोणाकडे कोणता कागद नाही, हे त्या आराखड्यात नसते. हा लेख या नव्या मंडळींसाठी आहे. माझे काम प्रामुख्याने जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात झाले असल्याने उदाहरणे तिकडची अधिक आहेत.

जाण्यापूर्वी

आदिवासी म्हणजे एकच एक समाज नव्हे, हे आधी मनात पक्के करावे. राज्याच्या यादीत चाळीसहून अधिक जमाती आहेत आणि त्यांपैकी कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमातींची केंद्र सरकारने विशेष असुरक्षित गट म्हणून वेगळी नोंद केली आहे. एकाच गावात महादेव कोळ्यांची घरे मध्यभागी, वारल्यांचा पाडा टेकडीच्या उतारावर आणि कातकऱ्यांची आठ-दहा घरे ओढ्यापलीकडे, दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर, अशी मांडणी असू शकते. अशा गावात सरपंचांच्या ओट्यावर झालेल्या बैठकीला आपण ‘गावाची बैठक’ म्हणालो, तर ओढ्यापलीकडची माणसे पहिल्याच दिवशी आपल्या कामातून वगळली जातात. वस्तीचे नावही ठिकाणागणिक बदलते. पालघर, नाशिक, नंदुरबारकडे पाडा, रायगडात कातकऱ्यांची वाडी, मेळघाटात ढाणा आणि गडचिरोलीत टोला. लोक स्वतःसाठी जे नाव वापरतात तेच आपणही वापरावे आणि ‘मागासलेले’ हा शब्द आपल्या बोलण्यातून व अहवालांतून काढून टाकावा.

थोडा इतिहासही माहीत हवा, कारण तो लोकांच्या आठवणीत जिवंत आहे. ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरमध्ये, स्वातंत्र्यापूर्वी ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलले की तो तरुण आणि त्याची बायको ते पैसे फेडण्यासाठी जन्मभर सावकाराच्या घरी राबत असत, आणि पैसे कधीच फिटत नसत. 1945 मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथून वारल्यांचा लढा सुरू झाला, गोदावरी परुळेकर त्याच्या पुढारी होत्या, आणि वेठबिगारीला वारल्यांनी उघडपणे नकार दिला. आज वीटभट्टीचा मालक दिवाळीच्या आगेमागे घरी येऊन उचल देतो आणि तिच्या बदल्यात सगळे कुटुंब सहा महिन्यांसाठी बांधून घेतो, तेव्हा आपण नव्या नावाच्या जुन्याच गोष्टीकडे पाहत असतो. बाहेरून येऊन मदतीची भाषा बोलणाऱ्या माणसाकडे म्हातारी माणसे सावधपणे का पाहतात, याचेही उत्तर याच इतिहासात आहे.

पहिले तीन महिने

या काळात कोणतीही योजना जाहीर करू नये, कोणताही अर्ज भरून घेऊ नये आणि कशाचेही आश्वासन देऊ नये. ओळख करून घेण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे आठवडी बाजार. पाच-सहा पाड्यांची माणसे तिथे एकाच दिवशी भेटतात; मोहाचा, नागलीचा, कोंबड्यांचा भाव काय चालला आहे, कोणाचा मुलगा वसतिगृहातून पळून आला, कोणत्या भट्टीवाल्याने हिशेब दिला नाही, हे सगळे तिथे कळते. वीस घरांचे सर्वेक्षण करूनही जे हाती लागत नाही, ते बाजारातल्या चहाच्या टपरीवर दोन तासांत समजते.

त्यानंतर ग्रामसभेची संमती घ्यावी. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतराज अनुसूचित क्षेत्रांत नेणाऱ्या कायद्याने, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत आणि महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. या कायद्याच्या दृष्टीने गाव म्हणजे महसुली दप्तरातले गाव नव्हे; आपल्या परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवणारी वस्ती, मग तो एखादा पाडा का असेना, स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकते. म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव हातात असला तरी पाड्यावर स्वतंत्रपणे बसावे. बैठकीची वेळ लोकांनी ठरवावी. ती बहुतेक रात्री जेवणानंतरची असते. बायका मागे, अंधारात बसतात आणि पुरुषांच्या सभेत बोलत नाहीत. त्यांच्याशी वेगळे, पाणवठ्यावर किंवा एखाद्या घराच्या ओटीवर बोलावे लागते. एका पाड्यावर पुरुषांनी एकमताने शिवणयंत्रे मागितली होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांशी बोलल्यावर कळले की उन्हाळ्यात पाण्यासाठी त्यांचे रोज तीन-चार तास जातात आणि मोठ्या मुली त्याच कामासाठी शाळेतून घरी थांबतात. मुलींच्या हजेरीचा प्रश्न विहिरीशी जोडलेला होता, आणि यंत्रे आणली असती तर ती तशीच धूळ खात पडली असती.

भाषा शिकायला याच तीन महिन्यांत सुरुवात करावी. वारली किंवा कातकरी बोली मराठी माणसाला कान दिल्यास उमगू लागते. पण कोरकू ही मुंडा कुळातली आणि गोंडी, माडिया व कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत. त्या कानावर पडून आपोआप येणार नाहीत. त्या शिकवणारा माणूस पाड्यावरच शोधावा आणि त्याला शिकवणीचे पैसे द्यावेत. हे पैसे देण्याला फार महत्त्व आहे. ज्या ज्ञानासाठी आपण त्यांच्याकडे आलो त्याची किंमत आपण मोजतो, हे त्यातून दिसते.

पाड्याचे वर्ष

माझ्या पहिल्या वर्षी मी मार्च महिन्यात सकाळी सातचा अभ्यासवर्ग ठरवला होता. चार दिवस एकही मूल आले नाही. पाचव्या दिवशी पहाटे मी जंगलाकडे चालत गेलो, तेव्हा सगळी मुले मोहाच्या झाडांखाली सापडली. मोहाचे फूल रात्री गळते. ऊन चढण्याआधी ते वेचले नाही तर गुरे खातात किंवा ते सुकून हलके होते. मुलांची आणि त्यांच्या आयांची बोटे भराभर चालली होती, टोपल्या भरत होत्या, आणि त्या टोपल्यांवर घरातल्या तेल-मिठाचा महिनाभराचा खर्च अवलंबून होता. वर्ग मी संध्याकाळी नेला, आणि मुले आली.

म्हणून तीन महिन्यांच्या शेवटी एका मोठ्या कागदावर लोकांच्या मदतीने पाड्याचे वर्ष काढावे. आमच्या भागात ते साधारण असे असते. वैशाखात राब भाजणे (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणे), पहिल्या पावसानंतर पेरणी, आषाढात आवणी म्हणजे रोपांची लावणी, श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपत आलेले आणि मजुरीही नसलेली, आश्विनात वरई-नागलीची कापणी, वाघबारस आणि दिवाळी, आणि दिवाळी होताच स्थलांतर. जव्हार-मोखाड्याची माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. सुरगाणा-पेठची माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. नंदुरबारची गुजरातेत ऊसतोडीला. होळीला बहुतेकजण काही दिवस परततात, कारण होळी हा इकडचा सर्वांत मोठा सण आहे. पावसाच्या तोंडावर सगळे पुढच्या दिवाळीपर्यंत घरी येतात.

या वर्षाशेजारी शाळेचे वर्ष मांडून पाहावे. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा शेतीची घाई असते. दुसरे सत्र सुरू होते तेव्हा घराला कुलूप लागते. दहावीची परीक्षा मोहाच्या आणि होळीच्या दिवसांत येते. गळती ज्याला म्हणतात ती बरीचशी या दोन वर्षांच्या टकरीतून निर्माण होते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे वाक्य मी गेली अनेक वर्षे सभांमधून ऐकत आलो आहे आणि ते मला दरवेळी दुखावते. मुलाला शिकू द्यावे असे न वाटणारे आईबाप मला फार थोडे भेटले; भट्टीवर जाताना सहा वर्षांच्या मुलाला कोणाकडे ठेवावे हे न सुचणारे मात्र पुष्कळ भेटले.

स्थलांतर थांबवणे एका कार्यकर्त्याच्या हातात नसते, पण त्याच्या आधीची तयारी असते. कोणती कुटुंबे कुठे जाणार आहेत याची यादी गणपतीनंतर लगेच करायला घ्यावी, कारण उचल साधारण त्याच सुमारास वाटली जाऊ लागते. आजी-आजोबा मागे राहणार असतील तर मूल त्यांच्याकडे राहू शकते का, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत जातो का, हे पाहावे. मूल सोबत जाणारच असेल तर ज्या गावी भट्टी आहे तिथल्या शाळेत त्याला बसवावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि दाखल्याच्या किंवा वयाच्या पुराव्याच्या अभावी तो नाकारता येत नाही. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी स्वतः भेटून यावे. फोनवर हे काम होत नाही.

शाळेत काम करताना

मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या घरी पाण्याला ‘डा’ म्हणतात आणि गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या घरी ‘येर’. अशा मुलासमोर पहिल्या दिवशी ‘पाणी’ हा शब्द चित्राखाली लिहून ठेवला की त्याला अक्षर आणि शब्द अशा दोन अनोळखी गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. ते मूल गप्प बसते आणि शिक्षकांच्या वहीत ‘अप्रगत’ म्हणून नोंदले जाते. उपाय अवघड नाही, पण तो धीराने करावा लागतो. पहिली-दुसरीत मुलांच्या भाषेत बोलणारी पाड्यावरची दहावी-बारावी झालेली मुलगी वर्गात मदतनीस म्हणून हवी, पहिल्या काही महिन्यांत बोलणे, गाणे, गोष्ट घरच्या भाषेत आणि मराठीची ओळख तोंडी, मग वाचन. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना या तरतुदीचा आधार घेता येतो.

मुलांना जे येते त्यापासून सुरुवात करावी. गडचिरोलीत एका घरापुढे मी दहा वर्षांच्या मुलीला तेंदूपत्त्याचे, म्हणजे विड्यांसाठी लागणाऱ्या पानांचे, पुडे बांधताना पाहिले होते. एका पुड्यात 70 पाने, आणि प्रमाणित गोणीत 1000 पुडे. ती न मोजता पाने उचलत होती आणि आईने तपासलेल्या पुड्यांत एकही पान कमी निघाले नाही. किती पुडे झाले, किती राहिले, आज किती पैसे होतील, हे ती तोंडी सांगत होती. शाळेत तिला गुणाकार येत नाही असे तिच्या शिक्षकांनी मला सांगितले. मी ते पुडे वर्गात नेण्याची विनंती केली आणि सातचा पाढा तिथून सुरू झाला.

शाळा मुलांकडे नेण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडला हेच केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. अंगणात भरणाऱ्या बालवाडीतून ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द आला. नव्या कार्यकर्त्याने कोसबाडची टेकडी एकदा चढून यावी.

शाळा व्यवस्थापन समिती कागदावर सर्वत्र असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे कायद्याने बंधनकारक आहे. सदस्यांना विचारून पाहावे; आपण सदस्य आहोत हे अनेकांना माहीतच नसते. त्यांना सही करण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगण्याची सवय लावणे, एवढे एक काम वर्षभरात साधले तरी शाळा बदलू लागते.

आश्रमशाळेत जाणार असाल तर दोन नियम कडक पाळावेत. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये, आणि एखाद्या मुलीने वा मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितले तर ते शाळेतच मिटवण्याच्या सूचनेला मान देऊ नये. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांच्या चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक शयनगृहाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलेला आहे का, हे पाहावे.

कागद

या भागातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम कागदपत्रांचे आहे. हुशार मुलगा बारावीला चांगले गुण मिळवतो आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला पडताळून खरा ठरल्याचा कागद, नाही म्हणून अभियांत्रिकीची किंवा परिचर्येची जागा गमावतो, असे मी अनेक पाड्यांवर पाहिले आहे. म्हणून या कामाला आठवी-नववीपासूनच हात घालावा.

सुरुवात नावांपासून होते. आधारवर वडिलांचे नाव ‘सोन्या’, शाळेच्या नोंदवहीत ‘सोनू’ आणि बँकेत ‘सोनाजी’ असेल, तर शिष्यवृत्ती खात्यात येत नाही. जन्मतारखांचा तर आणखी गोंधळ. जन्माची नोंद नसल्यामुळे शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकला, आणि आज एकेका पाड्यावर अर्ध्याअधिक माणसांचा वाढदिवस 1 जून आहे. प्रत्येक कुटुंबासाठी एक वही करावी आणि तीत आधार, शाळा, शिधापत्रिका, बँक आणि सातबारा यांवरील नावे एकाखाली एक जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. फरक असेल तिथे लाल पेनाने खूण करावी. दुरुस्तीची सुरुवात शाळेच्या नोंदीवरून करावी, कारण पुढचे बहुतेक कागद तिच्याकडे पाहून तयार होतात.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. त्यासाठी आणि पुढे वैधतेसाठी 6 सप्टेंबर 1950 या तारखेपूर्वीचा पुरावा सर्वांत भक्कम मानला जातो, कारण अनुसूचित जमातींचा मूळ आदेश त्या तारखेचा आहे. ज्याच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याच्याकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कसा असणार? अशा वेळी पुरावे शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तहसील कार्यालयातील जुन्या जन्ममृत्यू नोंदी, ज्यांना गावात कोतवाल बुक म्हणतात. जुने सातबारा आणि फेरफार. आजोबांच्या भावाचा किंवा चुलत भावाचा शाळेतील प्रवेश. आणि रक्ताच्या नात्यातील कोणाचे आधीच मिळालेले वैधता प्रमाणपत्र. यांतले शेवटचे मिळाले तर अर्धे काम झाले, म्हणून वंशावळ काढताना चुलत-आते घराण्यांत कोणी नोकरीत आहे का हे नक्की विचारावे. नोंदीत जमातीचे नाव नेमके काय लिहिले आहे ते अक्षरशः वाचावे. ‘महादेव कोळी’ऐवजी नुसते ‘कोळी’ लिहिले असेल तर पुढे मोठी अडचण होते.

हे सगळे इतके कठोर का, असा प्रश्न पाड्यावर विचारला जातो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. आदिवासी नसलेल्यांनी खोट्या दाखल्यांवर हजारो जागा घेतल्याचा राग या समाजात खोल आहे आणि 2000 चा पडताळणी कायदा त्यामुळेच झाला. पण त्याचा भार खऱ्या आदिवासी कुटुंबावरही पडतो. पडताळणीसाठी दक्षता पथक घरी येते, चालीरीती, दैवते, लग्नविधी विचारते. या आप्तभाव चाचणीला किती वजन द्यायचे यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले की ती एकमेव कसोटी नाही आणि 1950 पूर्वीच्या कागदांचे मोल अधिक आहे. शहरात वाढलेल्या मुलाला आपल्या जमातीची गाणी आली नाहीत म्हणून तो कमी आदिवासी ठरत नाही.

एक प्रसंग सांगतो. एक आजी नातीच्या दाखल्यासाठी माझ्याबरोबर एका कार्यालयात तिसऱ्यांदा आल्या होत्या. सगळे कागद त्यांनी शिधावाटपाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर सुतळी बांधून आणले होते. खिडकीवरच्या माणसाने पिशवी न उघडताच ‘उद्या या’ म्हटले. आजींनी शांतपणे विचारले, ‘साहेब, उद्याच्या एस.टी.चे पैसे कोण देईल?’ त्या दिवसापासून मी प्रत्येक अर्जाची पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही, आणि पाड्यावरच्या तरुणांनाही तेच शिकवतो. दाखल्यांची कामे एकेकट्याने करू नयेत. वीस-तीस अर्ज एकत्र करून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला शिबिराची लेखी विनंती करावी. अधिकारी पाड्यावर आले की एका दिवसात सहा महिन्यांचे काम होते.

दहावीनंतर

ज्याला वसतिगृह मिळत नाही त्याचे शिक्षण बहुधा इथेच थांबते. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात रक्कम दिली जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. पाड्यावर नेटवर्क नसते, म्हणून जून-जुलैत तालुक्याच्या गावी दोन दिवस मुलांसोबत मुक्काम करून हे अर्ज एकदम भरावेत. रक्कम उशिरा येते हे पालकांना आधीच सांगावे आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या खर्चासाठी संस्थेकडे छोटा फिरता निधी ठेवावा. शहरात गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात भेटायला जावे. पळून येणारी मुले बहुतेक याच महिन्यात येतात, आणि एका ओळखीच्या चेहऱ्याने त्यांच्यातली निम्मी तरी टिकतात.

मजुरी आणि नोकरी

रोजगार म्हटला की संस्था लगेच कौशल्य प्रशिक्षणाकडे वळतात. माझा आग्रह आहे की आधी गावात काय आहे ते पाहावे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला आहे का, हा पहिला प्रश्न. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर तो मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाने दिली. पण हक्काचा कागद मिळून काम संपले नाही. बांबू तोडला तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात होता, आणि तो ग्रामसभेच्या हाती येण्यासाठी 2011 पर्यंत झगडावे लागले. पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. त्यामुळे दर ठरवताना व्यापाऱ्यासमोर ग्रामसभा बसते आणि हिशेब गावात वाचला जातो. नव्या कार्यकर्त्याने अशा ग्रामसभेच्या हिशेबाच्या वह्या मांडायला मदत करावी. बारावी झालेल्या दोन मुलींना रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, शिकवली तर तोही रोजगार आहे आणि गावातच आहे. ज्या पाड्याचा दावा अजून झालेला नाही, तिथे वनहक्क समितीची बैठक, सीमांचा नकाशा आणि म्हाताऱ्यांचे जबाब यांपासून सुरुवात करावी.

पेसा ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील 5 टक्के रक्कम थेट मिळते आणि तिचा विनियोग ग्रामसभेने ठरवायचा असतो. शाळेतल्या मदतनीस मुलीचे मानधन या निधीतून देता येईल का, हे ग्रामसभेपुढे मांडावे.

वीटभट्टी आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी एक साधी वही फार उपयोगी पडते. उचल किती घेतली, कोणत्या तारखेला, हजार विटांचा दर काय ठरला, दर आठवड्याला खर्ची, म्हणजे घरखर्चाचे पैसे, किती मिळाली. मालकाची वही वेगळी आणि मजुराची वेगळी असली की हिशेबाच्या दिवशी बोलता येते. उचल फिटली नाही म्हणून माणसांना भट्टीवर अडवून ठेवणे हा 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. असे घडल्याचे कळले तर मालकाशी परस्पर वाटाघाट करू नये. उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी आणि सुटकेनंतर मुक्तीचे प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण पुनर्वसनाची मदत त्या कागदावरच मिळते.

कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या नोकऱ्यांबाबत माझा अनुभव असा की मुलांना एकेकटे पाठवू नये. चार-पाच जण एका गावचे, एका खोलीत राहतील असे पाहावे. पाठवण्याआधी त्यांच्यातल्या दोघांनी आणि एका पालकाने ती जागा पाहून यावी. पहिल्या महिन्याचे खोलीभाडे आगाऊ द्यावे. आणि होळीच्या सुटीबद्दल मालकाशी आधीच बोलावे. होळीला सुटी नाही म्हणून नोकरी सोडून आलेल्या तरुणाला बेजबाबदार म्हटले जाते, पण दिवाळीची सुटी मागणाऱ्याला कोणी तसे म्हणत नाही. सरकारी भरतीसाठी तयारी करणाऱ्यांनी राज्यातील 7 टक्के आरक्षणाबरोबरच अनुसूचित क्षेत्रातील स्थानिक पदांसाठीची 2014 ची राज्यपालांची अधिसूचना पाहावी. या विषयावर न्यायालयांत वाद झाले आहेत, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीतील अट त्या त्या वेळी नीट वाचावी.

पैसा, छायाचित्रे आणि निघताना

आपल्या प्रकल्पाला किती निधी आला आणि त्यातला किती पाड्यावर खर्च झाला, हे वर्षातून दोनदा पाड्याच्या बैठकीत वाचून दाखवावे. पगारासकट. पहिल्यांदा संकोच वाटतो. तो वाटू द्यावा. मुलांची छायाचित्रे पालकांना दाखवून, विचारून मगच वापरावीत, आणि फाटक्या कपड्यांतले मूल देणगीसाठी छापू नये. त्या मुलीने उद्या मोठेपणी ते छायाचित्र पाहिले तर तिला काय वाटेल, याचा विचार करावा.

फेलोशिप दोन वर्षांची असेल तर निघण्याची तारीख पहिल्याच बैठकीत सांगावी. शेवटच्या सहा महिन्यांत कार्यालयाच्या चकरा पाड्यावरच्या तरुणांनी माराव्यात आणि आपण फक्त सोबत जावे. निघताना कुटुंबांच्या नावांच्या वह्या, अर्जांच्या पोचपावत्या, स्थलांतराच्या याद्या आणि ज्या ज्या कार्यालयात प्रकरणे अडली आहेत त्यांचे जावक क्रमांक संस्थेच्या कपाटात नेऊ नयेत. ते सगळे एका पत्र्याच्या पेटीत, ओल लागणार नाही अशा पिशवीत बांधून, ग्रामसभेने ठरवलेल्या घरी ठेवावे. एक किल्ली त्या घरी आणि दुसरी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईकडे द्यावी.